साडेचार डॉलरची भट्टी आणि लुईसच्या नावाचं हॉस्पिटल

एसटी स्टँडवर खारे दाणे विकणाऱ्याची पाटी आठवा. दाण्यांचा ढीग, आणि ढिगाच्या बरोबर मधोमध निखारे भरलेलं छोटंसं मडकं. लहानपणी मला वाटायचं, पुडी गरम लागावी म्हणून ते ठेवत असतील. खरं कारण वेगळं. भाजलेल्या दाण्यात पाणी फार थोडं उरलेलं असतं, त्यामुळे तो हवेतला ओलावा शोषायला टपलेला असतो. मडक्याच्या ऊबेने आजूबाजूची हवा कोरडी राहते आणि दाणा कुरकुरीत राहतो. तीच पुडी घरी आणून फडताळात विसरलात, तर सकाळी दाणे सादळलेले. आणखी महिना-दोन महिने विसरलात तर खवट.

सादळणं आणि खवटणं. शेंगदाणा विकणाऱ्याचे जगभरातले दोन वैरी हेच. ज्याला ते आवरता येत नाहीत तो फार तर आपल्या नाक्यावर विकतो. ज्याला आवरता येतात तो दाणा हजार किलोमीटरवर पाठवू शकतो आणि वर आपलं नावही छापू शकतो. इटलीतून अमेरिकेला एकट्याने गेलेल्या एका पोराने नेमकं हे केलं. त्याचं नाव अमेदेओ ओबिची. ‘ओबिची’ हा इटालियन उच्चार. इंग्रजी वळणाने वाचायला गेलात तर ‘ओबीसी’ होतं, आणि मराठी माणूस पुढचा अर्धा मिनिट भलत्याच विचारात जातो. तेव्हा आपण ओबिचीच म्हणू.

प्लांटर्स हा अमेरिकेतला खाऱ्या दाण्यांचा ब्रँड त्याचा. डोक्यावर उंच काळी टोपी, हातात काठी, एका डोळ्याला गोल भिंग लावलेली ती शेंग, ‘मिस्टर पीनट’, हीसुद्धा त्याचीच. त्याच्याविषयी लिहिताना ‘गरीब पोर आलं, राबलं, करोडपती झालं, मग दानधर्म केला’ अशी चार पायऱ्यांची गोष्ट सांगतात. ती खोटी नाही. पण तिच्यात दोन ठिकाणी ‘कसं?’ हा प्रश्न गाळलेला असतो. पाच सेंटच्या पुडीतून एवढा पैसा कसा होतो? आणि माणूस मेल्यावर, कंपनी विकली गेल्यावर, त्याने दिलेला पैसा टिकतो कसा? दुसरा प्रश्न तर पहिल्याहून अवघड आहे, म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी गाव. ओदेर्झो हे व्हेनेतो प्रांतातलं, त्रेविझोजवळचं गाव. व्हेनिसपासून फार लांब नाही. ओबिचीचा जन्म १८७७चा. वडील खोगिरं बनवायचे. हा लहान असतानाच ते वारले. आई, भावंडं, आणि घरात मिळवतं कोणी नाही. त्या काळात व्हेनेतोतून माणसांचे लोंढे बाहेर पडत होते. गंमत अशी, की त्या भागातले बहुतेक लोक ब्राझील-अर्जेंटिनाला जात. दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ भागात आजही व्हेनेतोच्या बोलीतून तयार झालेली ‘तालियान’ बोलली जाते. अमेरिकेला जाणाऱ्यांत जास्त भरणा होता तो दक्षिण इटलीचा आणि सिसिलीचा. ओबिची या वहिवाटेच्या बाहेर पडला याला कारण एकच: मामा. आईचा भाऊ पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला होता. त्याने बोलावून घेतलं. १८८९ साली अकरा-बारा वर्षांचा भाचा बोटीने एकटाच निघाला. एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं नोंदणी केंद्र तेव्हा सुरू व्हायचं होतं; न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद कॅसल गार्डन नावाच्या जुन्या किल्ल्यात होई.

इथे मामाचं महत्त्व समजून घ्यायला हवं, कारण मामा नसता तर दुसरी वाट होती ‘पाद्रोने’ची. पाद्रोने म्हणजे काय? आपल्याकडच्या वाचकाला एका शब्दात सांगता येतं: मुकादम. गावाकडे येऊन उचल द्यायची, तिकीट काढून द्यायचं, तिकडे नेऊन रेल्वेच्या, रस्त्याच्या, खाणीच्या कामाला लावायचं, राहायची खोली आणि किराणाही आपल्याच दुकानातून घ्यायला लावायचा, आणि मजुरीतून उचल फेडून घेत राहायची. भाषा येत नसल्याने मजुराला मालकाशी थेट बोलताच येत नाही. ऊसतोडीची टोळी पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. इटालियन पोरांना असं नेऊन रस्त्यावर वाद्यं वाजवायला किंवा बूट पुसायला बसवणारे पाद्रोनेही होते. ओबिचीला उचल फेडायची नव्हती. हे भांडवल कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, पण ते भांडवलच आहे.

स्क्रँटन आणि शेजारचं विल्क्स-बॅर, दोन्ही दगडी कोळशाची शहरं. खाणी, खाणीतले मजूर, आठवड्याचा पगार, आणि पगाराच्या दिवशी रस्त्यावर गर्दी. म्हणजे फिरत्या विक्रेत्याला हवं ते सगळं. इटालियन लोक तिथे फळांचे आणि शेंगदाण्यांचे ठेले लावत. ओबिचीने थोडं शिक्षण, थोडी सिगार कारखान्यातली नोकरी असं करून मग फळांच्या ठेल्यावर काम धरलं. पैसे साठवले आणि साडेचार डॉलरला शेंगा भाजायचं एक यंत्र घेतलं. जुनंच. हाताने फिरवत राहावं लागे. त्याने त्याला कप्पी-पट्टा जोडून फिरवण्याची सोय केली, म्हणजे हात गिऱ्हाइकाकडे मोकळा. ठेल्यावर स्वतःला पाटी लावली: ‘शेंगदाण्याचा स्पेशालिस्ट’. सगळे फळंही विकत, शेंगाही विकत. याने एकाच वस्तूचा हट्ट धरला.

आता भाजण्याकडे जरा जवळून पाहू, कारण सगळं तिथे आहे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. वाळवलेल्या दाण्यात पाणी ७-८ टक्के. नीट भाजला की ते २ टक्क्यांच्या आसपास येतं. पाणी गेल्यामुळे कुरकुरीतपणा येतो, आणि साखर व प्रथिनं उष्णतेत एकमेकांशी भिडल्याने तो खरपूस वास आणि बदामी रंग येतो. आच जास्त झाली तर दाणा बाहेरून काळा आणि आत कच्चा. घरी कूट करायला दाणे भाजताना आई कढईपासून हलत नसे, त्याचं कारण हे. भाजून झाले की गरम-गरम सुती फडक्यात घेऊन चोळायचे, मग सुपात पाखडायचे. सालं उडून जातात, दाणे राहतात.

विल्क्स-बॅरमध्ये १९०६ साली ओबिचीने मारिओ पेरुझी या आपल्याच भागातल्या माणसाबरोबर कंपनी काढली. पेरुझी पुढे त्याचा मेहुणा झाला. पेरुझीचं कसब नेमकं फडक्याचं आणि सुपाचं होतं, फक्त यंत्रावर: अख्खा दाणा न फुटता त्याची लाल साल काढण्याची पद्धत त्याने बसवली. तोवर अमेरिकेत शेंगदाणा म्हणजे टरफलासकट. सर्कशीत, बेसबॉलच्या मैदानावर शेंगा फोडायच्या आणि टरफलं पायाशी टाकायची. (टरफलं कोणी उचलायची यावरून आपल्याकडे एका शाळेत काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे.) टरफल गेलं, साल गेली, मीठ लागलं, की शेंगदाणा रस्त्यावरून उठून बैठकीच्या खोलीत, बशीत येतो. भावही बदलतो. १९०८ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली: प्लांटर्स नट अँड चॉकलेट कंपनी.

‘प्लांटर्स’ हे नाव भारदस्त वाटतं म्हणून निवडलं, असं सांगितलं जातं. मला हे नाव खटकतं. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘प्लांटर’ म्हणजे गुलाम राबवणारा मळेवाला जमीनदार. आणि शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असला, तरी उत्तर अमेरिकेत तो रुजला गुलामांच्या जहाजांबरोबर, आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या हाताने. तिकडे शेंगदाण्याला ‘गूबर’ म्हणतात. तो शब्द काँगो भागातल्या भाषेतल्या ‘नगुबा’वरून आला आहे. म्हणजे पीक आणलं एकांनी, दर्जा मिळाला दुसऱ्यांच्या नावाला, आणि ते नाव लावलं तिसऱ्याच कुठल्या देशातून आलेल्या, स्वतःच हिणवल्या जाणाऱ्या माणसाने. कारण त्या काळी इटालियन लोकांना काही मान नव्हता. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियन माणसं ठार केली होती, त्यातल्या कित्येकांची नुकतीच कोर्टातून सुटका झालेली. अशा हवेत दुकानावर ‘ओबिची’ लिहावं की ‘प्लांटर्स’, हा निर्णय कसा झाला असेल याचा अंदाज येतो.

पण आपलं नाव त्याने पूर्ण पुसलं नाही. ते पुडीच्या आत घातलं. योजना अशी: प्रत्येक पुडीत एक अक्षर. ओ, बी, आय, सी, आय अशी पाच अक्षरं जमवून नाव पुरं करणाऱ्याला घड्याळ बक्षीस. बबलगमच्या कागदावरच्या धावा जमवलेल्या पिढीला यातली मेख लगेच कळेल. पाचही अक्षरं सारखीच छापली असती, तर घड्याळं वाटता-वाटता कंपनी बुडाली असती. म्हणून एक अक्षर मुद्दाम विरळ ठेवलेलं. बाकीची पोराच्या खिशात ढिगाने जमतात आणि ते एकच काही मिळत नाही. किती घड्याळं द्यायची ते त्या एका अक्षरावर ठरतं. बाकीची चार अक्षरं फक्त पुड्या खपवतात. शिवाय गावभर पोरं एका परदेशी आडनावाचं स्पेलिंग पाठ करत हिंडतात, ते वेगळंच.

आता पुडी. सुट्या दाण्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा विश्वास विक्रेत्यावर असतो. आज ताजे, उद्या कालचे मिसळलेले. दाणे बंद पुडीत गेले, वर नाव आलं, की विश्वास नावावर बसतो. त्याचे दोन परिणाम होतात. चांगला माल असेल तर माणूस अनोळखी गावातही तीच पुडी मागतो. वाईट निघाला तर शिव्या थेट कंपनीला बसतात. ओबिचीचं म्हणणं असं, की पहिल्या विक्रीतला नफा फारसा महत्त्वाचा नाही, माणूस पुन्हा आला पाहिजे. तेल न शोषणाऱ्या, अर्धवट आरपार दिसणाऱ्या कागदाची दोन औंसांची, म्हणजे साधारण ५७ ग्रॅमची पिशवी, किंमत ५ सेंट. १९३०च्या दशकातल्या मंदीच्या वर्षांत याच पुडीची जाहिरात ‘पाच सेंटचं जेवण’ अशी झाली. ऐकायला क्रूर वाटतं. पण शेंगदाण्यात पाव भाग प्रथिनं आणि निम्मं तेल. खिशात पाचच सेंट असलेल्या माणसाच्या पोटाला दुसरं काही एवढा वेळ धरून ठेवत नव्हतं. दाणे-गूळ खाऊन शेतावर दिवस काढणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

इथपर्यंत धंदा चांगला चाललेला ठेला होता. तो उद्योग झाला तो १९१३ मध्ये, व्हर्जिनियातल्या सफोकला कारखाना काढल्यावर.

हे समजायला साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. ऊस मुंबईला नेऊन गाळत नाहीत. कारखाना उसाच्या पट्ट्यात बांधतात, कारण उसातला बराचसा भाग चोथा आणि पाणी, आणि त्याचं गाडीभाडं कोण भरणार? शेंगेचंही तसंच. वजनाचा पाव भाग किंवा त्याहून जास्त नुसतं टरफल. विल्क्स-बॅरला बसून माल घ्यायचा म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरवरून येणाऱ्या मालावर मधल्या गिरणीवाल्याचा, आडत्याचा, दलालाचा वाटा भरायचा, आणि ते देतील ती प्रतवारी मुकाट घ्यायची. सफोकच्या आसपास शेंगदाण्याची शेतं होती आणि गावातून अनेक रेल्वेमार्ग जात होते. ओबिची शेतकऱ्याच्या दारात जाऊन बसला. मधली साखळी तुटली. त्याहून मोठं म्हणजे कुठला दाणा घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आला.

पुण्याच्या मार्केट यार्डाचे भाव वर्तमानपत्रात येतात त्यात शेंगदाण्याच्या पुढे ‘जाडा’, ‘स्पॅनिश’, ‘घुंगरू’ असे प्रकार लिहिलेले असतात. कुटाला कोणता, चिक्कीला कोणता, खाऱ्या दाण्याला कोणता, हे किराणावाल्याला झोपेतही सांगता येतं. अमेरिकेतही असेच प्रकार आहेत आणि त्यातला ‘व्हर्जिनिया’ हा टपोऱ्या दाण्याचा. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत पसरी किंवा निमपसरी जात. या पिकाला भुसभुशीत, रेताड जमीन लागते, कारण शेंगदाण्याचं फूल वर येतं आणि फळ खाली धरतं. फुलाच्या तळाशी आरी सुटते, ती वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. माती घट्ट असली की आरी शिरत नाही. आऱ्या सुटताना आपल्याकडे जिप्सम देतात, तसंच व्हर्जिनियातही देतात. सफोकची वाळूमिश्रित माती त्याला फार मानवते. हे गाव आज स्वतःला जगाची शेंगदाणा राजधानी म्हणवतं. आपल्या नात्यातल्या एखाद्या सातारकराला हे सांगून पाहा.

याच गावात १९१६ साली कंपनीने चित्रस्पर्धा ठेवली. बोधचिन्ह सुचवा, बक्षीस ५ डॉलर. ते मिळालं अंतोनिओ जेंतिले या शाळकरी मुलाला. त्याने शेंगेला हातपाय काढले होते, शेंग चालतेय, वाकून नमस्कार करतेय, अशी चित्रं. टोपी आणि भिंगाचा थाट नंतर एका व्यावसायिक चित्रकाराने चढवला. जेंतिलेही इटालियन स्थलांतरितांचाच मुलगा. कंपनीने चित्र घेतलं, ५ डॉलर दिले. तिथे व्यवहार संपला असता. ओबिचीने पुढे त्या मुलाच्या आणि त्याच्या भावंडांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. अंतोनिओ डॉक्टर झाला. दुर्दैवाने १९३९ मध्ये ऐन उमेदीत हृदयविकाराने गेला. त्याने लहानपणी काढलेली ती चित्रं त्याच्या घरच्यांनी जपून ठेवली आणि २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली.

कौतुक करताना एक गोष्ट वगळली तर लेख अर्धाच राहील. सफोकच्या शेंगदाणा कारखान्यांमध्ये सोलणी-निवडणीला मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, कमी मजुरीवर. तो काळ व्हर्जिनियात कायद्यानेच वर्णभेदाचा होता. शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. त्या व्यवस्थेतून प्लांटर्स बाहेर नव्हती. पाच सेंटची पुडी पाच सेंटला परवडली, याचं काही श्रेय यंत्राला आणि रेल्वेला जातं आणि काही त्या हातांना. मालक उदार होता आणि मजुरी कमी होती, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात.

ओबिचीने १९१६ मध्येच लग्न केलं. लुईस मुसान्ते. तीही इटालियन घरातली, आणि विल्क्स-बॅरमध्ये तिचा स्वतःचा शेंगदाण्याचा ठेला होता. मूलबाळ झालं नाही. विसाच्या दशकात त्यांनी नॅन्समंड नदीच्या काठी बे पॉइंट फार्म नावाची मोठी जागा घेतली आणि तिथे राहायला लागले. त्या परिसराचं नाव ‘स्लीपी होल’ आहे, हे केवळ आवडलं म्हणून सांगतो. लुईस १९३८ मध्ये गेली. ओबिची १९४७ मध्ये. त्याच्या संपत्तीचा मोठा भाग एका कामासाठी बांधून ठेवलेला होता: सफोकमध्ये लुईसच्या नावाने हॉस्पिटल.

‘बांधून ठेवलेला’ हा शब्द मुद्दाम वापरला. इथून दुसरा प्रश्न.

पैसे देण्याच्या तीन रीती आहेत असं समजा. एक, चेक फाडायचा. पैसे मिळाले, खर्च झाले, फोटो निघाला. दोन, इमारत बांधून द्यायची. ती टिकते, पण पुढच्या वर्षीचा परिचारिकांचा पगार, विजेचं बिल, यंत्रांची दुरुस्ती कोण देणार हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे आमदार-खासदार निधीतून उभ्या राहिलेल्या आणि कुलूप लागलेल्या किती वास्तू दाखवू? तिसरी रीत म्हणजे विश्वस्त निधी. मूळ रक्कम कोणाच्याच मालकीची नाही. विश्वस्त तिचे राखणदार, मालक नव्हेत. ती गुंतवायची आणि ठरवून दिलेल्या कामासाठीच वापरायची. शेतकऱ्याला सांगायचं तर, बियाणं खायचं नाही, आलेलं पीक खायचं.

इटालियन स्थलांतरितांना ही कल्पना परकी नव्हती. अमेरिकेतल्या त्यांच्या वस्त्यांमध्ये एकाच गावच्या माणसांची परस्पर साहाय्य मंडळं असायची. महिन्याला थोडी वर्गणी. कोणी आजारी पडला तर रोजचे काही पैसे, कोणी मेला तर मयताचा खर्च आणि बँडबाजा. गिरणगावात एकेका गावच्या माणसांनी घेतलेल्या खोल्या आणि गावकीची मंडळं जशी चालत, त्याच जातकुळीचं. फरक एवढाच, की मंडळ सभासदांपुरतं असतं आणि हॉस्पिटल सगळ्या गावाचं.

लुईस ओबिची मेमोरियल हॉस्पिटल १९५१ मध्ये उघडलं. लोकांचे जन्म तिथे झाले, मरणं तिथे झाली. दरम्यान कंपनीचं काय झालं? १९६० मध्ये ती स्टँडर्ड ब्रँड्सने घेतली. १९८१ मध्ये स्टँडर्ड ब्रँड्स आणि नॅबिस्को एकत्र झाल्या. २००० मध्ये नॅबिस्को क्राफ्टकडे गेली. २०२१ मध्ये हॉर्मेल या मांसाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध कंपनीने प्लांटर्सचा व्यवसाय ३३५ कोटी डॉलरला विकत घेतला. साडेचार डॉलरची भट्टी आणि ३३५ कोटी डॉलर, ही तुलना करायचा मोह मलाही आवरला नाही. मधे २०२० मध्ये जाहिरातवाल्यांनी मिस्टर पीनटला एका जाहिरातीत चक्क मारून टाकलं आणि पुन्हा जन्माला घातलं. ब्रँडचं असं असतं, तो विकता येतो, मारता येतो, उठवता येतो.

हॉस्पिटलवरही वेळ आली, पण वेगळी. अमेरिकेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकट्याने उभी असलेली गावातली हॉस्पिटलं मोठ्या साखळ्यांमध्ये सामील होत गेली. यंत्रं महाग, विमा कंपन्यांशी भाव ठरवायला एकटं हॉस्पिटल कमजोर, तज्ज्ञ डॉक्टर मोठ्या शहराकडे ओढले जातात. २००२ मध्ये सफोकचं हॉस्पिटल नव्या जागेत गेलं आणि २००६ मध्ये सेंटारा या मोठ्या आरोग्यसंस्थेत विलीन झालं.

आता खरी गुंतागुंत. दुकान विकलं की पैसे मालकाला मिळतात. पण धर्मादाय हॉस्पिटलला मालकच नसतो. मग अशा व्यवहारातून निघणारे पैसे कोणाचे? कायद्याचं उत्तर असं: ते मूळ हेतूचे. ज्या कामासाठी पैसा बांधला होता, त्याच किंवा त्याच्या जवळात जवळच्या कामाला तो गेला पाहिजे. आपल्याकडे १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त याच तत्त्वावर काम करतात. ट्रस्टची जमीन आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही ती म्हणूनच. (जाता जाता: महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दारातला फलक वाचा आणि हक्काने मागा.)

सफोकमध्ये त्या विलीनीकरणातून ओबिची हेल्थकेअर फाउंडेशन उभं राहिलं. हॉस्पिटल चालवायचं काम सेंटाराकडे; फाउंडेशनचं काम आसपासच्या लोकांच्या आरोग्यासाठी अनुदान देणं. विमा नसलेल्यांचे उपचार, आजार होऊ नयेत यासाठीची कामं. अमेरिकेत अशा बऱ्याच संस्था आहेत. सोपा हिशोब मांडतो. समजा निधी १०० रुपये. खासगी फाउंडेशन असेल तर कायद्याने त्याला दरवर्षी साधारण ५ रुपये वाटावेच लागतात. नुसतं साठवून बसता येत नाही. गुंतवणुकीवर सरासरी ७ मिळाले, तर ५ वाटले, २ महागाईपोटी मुळात मिसळले. म्हणजे पन्नास वर्षांनीही झाड उभं. बाजार पडला की काही वर्षं घट सोसायची. हॉस्पिटलच्या इमारतीला हे जमत नाही, ती दर वर्षी जुनीच होते.

म्हणून ओबिचीच्या सन्मानाविषयी बोलताना मला पुतळे आणि फलक दुय्यम वाटतात. गावाच्या मध्यभागी मिस्टर पीनटचा पुतळा आहे, शेंगेचा, माणसाचा नव्हे. कागदोपत्री जे उभं आहे ते जास्त महत्त्वाचं. शेंगेतून कंपनी, कंपनीतून निधी, निधीतून हॉस्पिटल, हॉस्पिटलमधून फाउंडेशन. प्रत्येक वेळी आधीचं हातातून गेलं आणि पैशाला लावलेली गाठ सुटली नाही. ती गाठ वकिलांनी आणि कायद्याने धरली असली, तरी पहिला पीळ १९४७च्या आधी कोणीतरी घातला होता.

नावाचं मात्र काय झालं बघा. त्याने हॉस्पिटल बायकोच्या नावाने करायला सांगितलं होतं. लुईस ओबिची मेमोरियल हॉस्पिटल. विलीनीकरणानंतर पाटी बदलली. आता तिच्यावर ‘सेंटारा ओबिची हॉस्पिटल’ असं लिहिलेलं आहे. आडनाव राहिलं, ज्याच्या पुड्यांत ते अक्षर-अक्षर करून वाटलं जायचं त्याचं. विल्क्स-बॅरला स्वतःचा ठेला लावणारी लुईस पाटीवरून उतरली.